परतीच्या वाटेवरील उलटतपासणी

उलटतपासणीला उभ्या राहिलेल्या साक्षीदाराच्या हातांना सुटणारा कंप मी गेली वीस वर्षे न्यायालयात पाहत आलो आहे. तोच कंप माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या हातांना माझ्यामुळे सुटत असेल, अशी शंका मात्र मला कधी शिवली नव्हती.

तिची पोहण्याची स्पर्धा पणजीला, कांपालच्या तलावावर होती. आदल्या सोमवारी माझ्या आईने तिला गावच्या महादेवापुढे उभे केले आणि भटजींकरवी गाऱ्हाणे घातले, पोरीचा पहिला नंबर येऊ दे, अभिषेक करू. मुलगी हात जोडून ऐकत होती. स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून तिचे पोट दुखू लागले. तलावाच्या काठावर तिची बोटे गार पडली होती. ‘त्यात घाबरायचे काय?’ असे म्हणून मी आपण धीर दिला असे समजलो. ती चौथी आली.

फोंड्याकडे परतताना रायबंदर मागे पडण्यापूर्वीच माझे प्रश्न सुरू झाले. उडी उशिरा का घेतलीस? वळताना शेजारच्या मुलीकडे का पाहिलेस? सरावात जमते ते आजच का जमले नाही? तिने एकाचेही उत्तर दिले नाही. बाणस्तारीचा पूल आला तेव्हा तिनेच हळूच विचारले, ‘बाबा, माझ्यामुळे आता देवाला अभिषेक होणार नाही ना?’

दुसऱ्या दिवशी मी तिच्या प्रशिक्षकांना भेटलो. ते म्हणाले, ‘वकीलसाहेब, वेळ घड्याळ सांगते, चुका मी सांगतो. तुम्ही टॉवेल घेऊन उभे राहा.’ मला राग आला. पण घरी येऊन मी या विषयावरचे वाचन सुरू केले.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना हंगामापूर्वी सुमारे अडीच तासांचे शिक्षण दिले. प्रयत्नाचे कौतुक करावे, चुकल्यास धीर देऊन सुधारण्याची रीत सांगावी, शिक्षा व टोमणे टाळावेत, एवढाच त्याचा आशय. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा प्रशिक्षकांच्या हाताखालील ५ टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला. इतरांकडील २६ टक्के मुलांनी सोडला. १९९५ च्या त्यांच्या लेखात अशा मुलांची स्पर्धेची धास्तीही हंगामभरात कमी झाल्याची नोंद आहे.

स्पर्धेपूर्वी थोडी धडधड व्हावी हे स्वाभाविकच आहे. परंतु पुष्कळदा मुलाला पाण्याची किंवा प्रतिस्पर्ध्याची भीती नसते; काठावर बसलेल्या न्यायासनाची असते. कीर्तन-प्रवचनांत फलाशा सोडण्याचा उपदेश ऐकून माना डोलावणारे आपण, मुलगी पाण्याबाहेर येताच प्रथम फळच विचारतो. कायद्यात सशर्त करार निराळा आणि बक्षीसपत्र निराळे. पित्याची माया ही बक्षीसपत्रासारखी असावयास हवी. माझ्या प्रश्नांनी मी तिला कराराचे रूप दिले होते, आणि अट पाळण्याचा भार एका पोरीच्या खांद्यावर टाकला होता.

आईला मी मुलीचा प्रश्न सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘देवाने कुठे अट घातली होती? ती मीच घातली.’ पुढच्या सोमवारी अभिषेक झाला. तांब्यातले पाणी मुलीनेच आणून दिले.

त्यानंतरच्या स्पर्धेला मी टॉवेल घेऊन उभा होतो. परतताना जुने गोवे येईपर्यंत मी एकही प्रश्न विचारला नाही. वकिलाला हे किती जड जाते, ते वकीलच जाणे. अखेर मागच्या आसनावरून आवाज आला, ‘बाबा, भूक लागली.’ बाणस्तारीला थांबून आम्ही भजी खाल्ली. खाता खाता, वळताना आपले काय चुकले, ते ती आपण होऊन सांगू लागली.