निळी रेषा, लाल रेषा आणि आमचा वन बीएचके

रविवारची सकाळ, बदलापूर लोकल आणि चक्क विंडो सीट! आता दिवस चांगला जाणार, असं मी बायकोला जाहीर करून टाकलं. आम्ही निघालो होतो फ्लॅट बघायला. ठाण्यात भाडं भरून कंटाळलेल्या दोन पगारांना झेपेल असं नवंकोरं घर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर मिळतं, हे तुम्हालाही माहीत असेलच. ब्रोशरवर डोंगर होता, धुकं होतं आणि मोठ्या अक्षरात 'रिव्हर व्ह्यू' होतं.

माझी मावशी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहते. तळमजल्यावर. तिला फोन केला तर म्हणाली, "आधी घरी या, मग फ्लॅट बघा. आणि येताना जरा नद्या बघत या."

मावशीची ऑर्डर म्हणजे ऑर्डर. उल्हासनगरला उतरलो. जीन्स आणि फर्निचरसाठी इथे येणारे खूप, पण वालधुनी बघायला कोण येणार? ती आधी नाकाला कळते. हे शहर फाळणीनंतर वसलं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये सिंधी निर्वासित आले, बराकींमध्ये संसार मांडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी गावाला 'उल्हासनगर' हे नाव दिलं. आजही पत्ता विचारला की आधी कॅम्प नंबर सांगतात. माणसं वाढली, बराकींवर मजले चढले, नदीच्या काठापर्यंत भिंती गेल्या. शेवटी अनधिकृत बांधकामं नियमित करायला सरकारला २००६ मध्ये फक्त या एका शहरासाठी कायदा करावा लागला. आधी घर, मग नकाशा! हसू नका, निम्मी मुंबई अशीच उभी आहे.

पुढचं स्टेशन अंबरनाथ. पूर्वेला रिक्षा करा आणि शिवमंदिर बघाच. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेख १०६० सालचा. हीच वालधुनी शेजारून वाहते. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. नदीकाठी आणि वर जमिनीखाली, तरी साडेनऊशे वर्षं टिकलं! बायको म्हणाली, "त्यात प्लायवूड नाहीये ना." करेक्ट. आपल्या घरात मॉड्युलर किचन असतं.

बदलापूरला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले. इथली नदी मात्र बघत राहावी अशी. उल्हास लोणावळ्याच्या बाजूच्या घाटात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी करत इथे येते. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणीही तिला मिळतं, म्हणून ती मे महिन्यातही आटत नाही. पुलावर उभं राहिलं की वारा लागतो, समोर डोंगरांची रांग दिसते. ब्रोशर खोटं बोलत नव्हतं, कबूल.

मावशीने पोहे पुढे ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दाखवली. पेन्सिलीच्या तीन रेघा, शेजारी वर्षं. २००५, २०१९, २०२१. सगळ्यात वरची माझ्या खांद्याच्या वर होती.

२६ जुलै २००५ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. बातम्या मिठीच्या झाल्या, महिन्याभरात मिठीसाठी प्राधिकरणही आलं. इथे मावशी दोन रात्री वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होती. मग २०१९. तारीख पुन्हा २६ जुलैच! त्या रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, दुसऱ्या दिवशी हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. ते टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल. त्याच पाण्यात मावशीचा फ्रिज तरंगत होता, तो टीव्हीवर नव्हता. २०२१ ला तिने काहीच विकत घेतलं नाही. "आता मिक्सर, गॅस, कागदपत्रं सगळं माळ्यावर. जून लागला की चढवते, गणपतीला उतरवते."

"अगं, मग जागा विकून टाक ना."

"घेणार कोण? आमची बिल्डिंग निळ्या रेषेत आहे."

ही निळी रेषा नीट समजून घ्या, कारण होम लोन तुम्ही घेणार आहात. पुरानंतर नदीकाठची गावं पुन्हा कशी बांधायची, हे आपल्याकडे दोन रेषांवर ठरतं आणि त्या जलसंपदा विभाग आखतो. ढोबळमानाने निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवं बांधकाम बंद. बाग, पार्किंग, उघडी मंडई वगैरे चालतं. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीडेक फूट उंचीवर.

आता गंमत बघा. 'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकलं की वाटतं, २०२१ ला आला ना, चला, २०४६ पर्यंत सुट्टी! पण नदी ईएमआयसारखी ठरल्या तारखेला येत नाही. या शब्दांचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच. मी ट्रेनमध्ये मोबाइलवर हिशेब केला. वीस वर्षांच्या कर्जात निळ्या रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेपर्यंतचा, १८ टक्के. इतक्या रिस्कचा म्युच्युअल फंड मी घेतला नसता.

मग रेषा चांगलीच की! हो, ज्यांचं घर अजून बांधायचंय त्यांच्यासाठी. मावशीसारखे लोक रेषेच्या आधीपासून तिथे आहेत. २००१ ला लाखाच्या आत असलेलं हे गाव २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, ती माणसं कुठेतरी राहणारच. जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास नियमात बसतो, उंची आणि जलसंपदाची एनओसी मिळाली तर. मावशीच्या सोसायटीची फाइल सध्या कुठल्यातरी दोन टेबलांच्या मध्ये आहे. तोवर प्लास्टर पडतंय.

हा घोळ आपलाच आहे असंही नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेने किनाऱ्यापासून कुठे शंभर, कुठे दोनशे मीटर पट्ट्यात घर बांधायला बंदी घातली. मासेमार म्हणाले, होड्या सोडून जायचं कुठे? थोड्याच काळात बंदी सैल झाली. जपानमधल्या आनेयोशी गावात १९३३ च्या त्सुनामीनंतर टेकडीवर दगड रोवला, याच्या खाली घरं बांधू नका म्हणून. गाव वर राहिलं आणि २०११ ची लाट दगडाच्या खालीच थांबली. फरक एवढाच, की तो दगड येताजाता सगळ्यांना दिसतो. बदलापुरात मी निळी रेषा शोधत दोन तास हिंडलो. रस्त्यावर, पुलावर, कुठेच दिसली नाही. आहे ती नकाशात. आणि मावशीच्या चौकटीवर.

चार वाजता सेल्स ऑफिसला गेलो. एसी, कॉफी, थर्मोकोलचं मॉडेल, त्यात निळाशार नदी.

"फ्लडलाइन? सर, ती मागच्या बिल्डिंगला लागते. आपल्याला नाही."

"नकाशा आहे?"

"मंगळवारी व्हॉट्सअॅप करतो, सर. टोकन आज दिलंत तर पार्किंग फ्री."

पार्किंग स्टिल्टला होतं, म्हणजे खाली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी कॉफी संपवली.

त्यानंतर तीन मंगळवार गेले. टोकनचा चेक अजून माझ्याच बॅगेत आहे. पुढच्या आठवड्यात एक रजा टाकून नगरपालिकेत नकाशा बघायला जाणार आहे, आणि त्याच दिवशी मावशीचा मिक्सर माळ्यावर चढवायचाय. तिचा गुडघा दुखतोय.