अंबरनाथचें शिवालय आणि शाईची रेघ

कल्याणच्या पुढें अंबरनाथ स्टेशनवर उतरून वालधुनीकांठचें प्राचीन शिवालय पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काल असून तेव्हां येथें शिलाहारांचें राज्य होतें. भिंतींवर शिवपार्वतीविवाह, गजासुरवध, भेसूर चामुंडा अशा कथा काळ्या दगडांत दाटीनें उभ्या आहेत. गाभाऱ्यांत मात्र पायऱ्या उतरून जावें लागतें.

या कलेचा पहिला आश्रयदाता राजा. शिलाहार गेले, आणि पुढें, १८६८ सालीं, सरकारच्या आज्ञेवरून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची मंडळी येथें आली. त्यांनीं मूर्तींचीं रेखाटनें केलीं, साचे घेतले. राजास पुण्य हवें होतें, सरकारास नोंद.

तिसरा आश्रयदाता म्हणजे आपल्यासारखा गृहस्थ. कल्याणांत १८६४ सालीं सार्वजनिक वाचनालय निघालें, ठाण्यास १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय. पुढच्याच वर्षीं घाटकोपरास राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि रंगीत देव घरोघरच्या भिंतींवर आले. १९०९ सालीं ‘मनोरंजन’नें दिवाळी अंक काढला. मासिकांस रंगीत छपाई महाग पडे. शाईच्या चित्राचा जस्ती ठसा मात्र मजकुराच्या खिळ्यांबरोबरच छापतां येई. त्या ठशास काळें नि पांढरें एवढेंच कळे. शंकराच्या जटेस करडी छाया हवी, तर चित्रकारानें बारीक रेघा एकीशेजारीं एक ओढाव्या! दीनानाथ दलालांनीं तर १९४५ सालीं ‘दीपावली’ हें स्वतःचेंच नियतकालिक काढलें. चित्रकारास राजाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. वर्गणीदार मिळाले म्हणजे झालें.

आज ते ठसे गेले, रेघ संगणकावरही उमटते. कारखान्यांच्या सांडपाण्यानें वालधुनीची दशा पाहवत नाहीं, आणि शिवालयाचा दगड ऊनपावसानें झिजतो आहे. दगडाची काळजी सरकारनें घ्यावी हें खरें. पण रेघेची काळजी कोण घेणार? डोंबिवली-कल्याणच्या घरांत दिवाळी अंक येतो, तेव्हां चित्राखालचें नांव वाचण्याची तसदी आपण क्वचितच घेतों. आमच्या वाचकांनीं सुटींत मुलांस अंबरनाथास न्यावें, कागद-पेन्सिल बरोबर द्यावी, आणि घरीं परतल्यावर एखाद्या अंकाची वर्गणी अवश्य भरावी.