पैकीच्या पैकी

मी दहावी शिकलेला माणूस. १९७७ साली ४९ टक्क्यांनी पास झालो आणि त्याच पावसाळ्यात वडील गेले. घरात आई, दोन बहिणी आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा भाऊ. जमीन सगळी कोरडवाहू. आईनं काही सांगायच्या आधीच मी दप्तर खुंटीला अडकवलं आन् औत धरलं. धाकट्यानं शिकायचं आणि मी राबायचं, अशी आमची वाटणी ठरली. ती कुठं कागदावर नव्हती, पण दोघांनीबी पाळली.

धाकटा हुशार होता. गावात डॉक्टर नव्हता. बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीत घालून न्यावी लागायची. धाकट्यानं डॉक्टर व्हावं, असं आईच्या मनात होतं. तो लातूरला खोली करून राहिला. दर आठवड्याला मी एस.टी.नं भाकरीचा डबा पाठवायचो.

१९८४ ची त्याची बारावी. तेव्हा सीईटी नव्हती, नीट नव्हती. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजीला किती पडले त्यावर डॉक्टरकीची यादी लागायची. लातुरात सरकारी मेडिकल कॉलेजबी नव्हतं, ते २००२ साली आलं. आमच्या पोरांनी अंबाजोगाई नाहीतर औरंगाबादकडं बघायचं. जागा मोजक्या, पोरं ढीगभर. एकेका मार्कावर माणसं वर-खाली व्हायची.

धाकट्याला दोन मार्क कमी पडले.

ह्या दोन मार्कांचं माझ्यापुरतं एक दुखणं आहे. ते चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. परीक्षेच्या तोंडावर ज्वारी काढणीला आली होती. आभाळ भरून आलं, मजूर मिळेना, आणि मी लातूरला निरोप धाडला, ‘चार दिवस ये.’ तो आला. पुस्तक संगं आणलं होतं, पण दिवसभर ज्वारी उपटल्यावर रात्री कंदिलापुढं त्याची मान पडायची. चार दिवसांनी हाताला फोड घेऊन तो परत गेला. निकालानंतर तो मला एक शब्द बोलला नाही. बी.एस्सी. केली, बी.एड. केलं, मास्तर झाला. चांगला मास्तर झाला. पण ते दोन मार्क त्या चार दिवसांत गेले का, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

आता माझ्या नातीची गोष्ट. तिला आम्ही माई म्हणतो. दहावीला तिला ९७ टक्के पडले. गावात पेढे वाटले. माई म्हणाली, “आबा, मी डॉक्टर होणार.” मी त्याच दिवशी ठरवलं, हिला शेताच्या बांधावरबी पाय ठेवू द्यायचा नाही. दोन म्हशी विकल्या आणि पोरीला लातूरला क्लास लावला. लातुरात आता दूरदूरची पोरं शिकायला येतात. गल्लोगल्ली खोल्या, मेस, अभ्यासिका. रात्री बारा वाजता चहाची टपरी चालू असते.

२०२४ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल आला. ७४ टक्के. माझं तोंडच उतरलं. दहावीला ९७ आणि बारावीला ७४? पारावर एकजण म्हणाला, “लातूरची हवा लागली जणू.” मी घरी येऊन माईवर तोंड टाकलं. ती शांतपणे म्हणाली, “आबा, आता बारावीच्या मार्कांवर डॉक्टरकी मिळत नाही. खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी मिळून ५० टक्के पुरतात. पुढचं सगळं नीटवर.”

मला ते पटेना. ज्या कागदानं माझ्या भावाचा जन्म ठरवला, त्या कागदाला आता एवढीच किंमत?

मग तिनं नीट समजावून सांगितलं. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर आलं तर चार मिळतात, चुकलं तर एक जातो. नुसती चूक महाग नाही, चुकीचा अंदाजबी महाग. सगळ्या देशाला एकच पेपर, पण बऱ्याचशा जागा ज्या त्या राज्याच्या पोरांना. त्या वर्षी तेवीस लाखांवर पोरं बसली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. खाजगीची फी ऐकली तर आमची जमीन पुरली नसती.

४ जूनला निकाल. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती, सगळं गाव टीव्हीपुढं. माईला ६१२ पडले. मला वाटलं, ७२० पैकी ६१२ म्हणजे झालंच काम. पण क्लासचे सर म्हणाले, “गेल्या वर्षी एवढ्याला सरकारी कॉलेज मिळालं असतं. ह्या वर्षी नाही मिळणार.” त्या साली मार्कांचा पूर आला होता. पहिल्या निकालात ६७ पोरांना ७२० पैकी ७२० होते. पुढं भांडण कोर्टात गेलं, ग्रेस मार्क काढले, एका प्रश्नाचं उत्तर बदललं, तरी १७ जण पैकीच्या पैकीवर राहिले. आमची माई यादीच्या खालीच राहिली. पुन्हा तेच. थोडक्यात हुकलं.

एक वर्ष रिपीट करायचं ठरलं. आणि मी वेड्यासारखा वागू लागलो. रोज रात्री फोन. आजच्या टेस्टला किती? ६५० का नाहीत? ७२० पडणारी पोरं काय वेगळं खातात? दिवाळीला तिला दोनच दिवस घरी ठेवलं. येळवशीला येऊच नको म्हणून सांगितलं. आमच्याकडं येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. सगळं लातूर त्या दिवशी शेतात असतं. पोरगी फोनवर काही बोलली नाही. नुसतं “बरं” म्हणाली.

येळवशीच्या सकाळी मी कोपीत पांडवांची पूजा मांडत होतो, तर बांधावरून धाकट्याची मोटारसायकल आली. मागं माई. न सांगता, लातूरला जाऊन तिला घेऊन आला होता. मला राग आवरेना. पोरगी आजीकडं गेली तसा मी त्याला म्हणालो, “तुला तरी कळायला पाहिजे. तुझंच वाटोळं झालंय दोन मार्कांनी.”

तो भज्जीचं पातेलं उतरवत होता. ते खाली ठेवलं आणि म्हणाला, “भाऊ, तुला आजून ते चार दिवस डाचायलेत न्हवं?”

मला बोलता येईना.

“मलाबी लई दिवस डाचले,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पण ती ज्वारी भिजली असती तर वर्षभर खाल्लं काय असतं आपण? दोन मार्क त्या चार दिवसांत गेले, का पेपरात घाई केली त्यात गेले, मला ठावं न्हाई. तुला बी ठावं न्हाई. त्याची फेड तू ह्या पोरीकडून कशाला घ्यायलास?”

मग म्हणाला, “तेहेतीस वर्षं पोरं शिकवली म्या. पैकीच्या पैकी मागितलं की पोरगं येतंय तेबी विसरतंय.”

त्या दिवशी माई पोटभर जेवली. उंडे, भज्जी, आंबील. चिंचेखाली तासभर गाढ झोपली. तिच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं मी पहिल्यांदा नीट बघितली. त्यानंतर फोनवर मार्क विचारायचे बंद केले. जेवलीस का, एवढंच विचारायचो.

२०२५ च्या मेमध्ये ती पेपर देऊन आली ती रडतच. “आबा, फिजिक्स लई अवघड होतं. प्रश्न वाचता वाचता वेळ संपला.” निकालाला महिना होता. ती घरीच राहिली. मी सोयाबीनच्या बियाण्याची उगवण बघत होतो. ओलं गोणपाट, दहा-दहाच्या रांगेनं शंभर दाणे, गुंडाळून सावलीला ठेवायचं आणि पाणी शिंपडायचं. आठवड्यानं गोणपाट उलगडलं तर मोजायला माई बसली. ८२ उगवले होते.

“अठरा मेले की, आबा.”

“सत्तर आले की पेरायचं,” मी म्हणालो. “थोडे कमी आले तर बी वाढवायचं. निम्मेबी नाही आले तर ते बी पेरायचं न्हाई, खायला काढायचं. पण शंभर येत्याल म्हणून वाट बघत बसलं तर पेरणीच व्हायची न्हाई.”

ती बराच वेळ मोड आलेले दाणे हातात घेऊन बसली. मी आणखी काही बोललो नाही. मला बोलताना माझंच ऐकू येत होतं.

१४ जूनला निकाल लागला. ५४१. गेल्या वर्षीपेक्षा ७१ मार्क कमी! माझ्या पोटात गोळा आला. पण ह्या वेळी पेपरच असा होता की देशात पहिल्या आलेल्या पोरालाबी ६८६ च होते. ७२० कुणालाच नाहीत. ६१२ ला जे दार उघडलं नव्हतं, ते ५४१ ला उघडलं. दुसऱ्या फेरीत सरकारी कॉलेज मिळालं. घरापासून लांब, पण सरकारी.

ह्यावरून मार्कांना किंमत नाही असं मी म्हणणार नाही. असं म्हणणारा माणूस एक तर पोट भरलेला असतो, नाहीतर त्याच्या घरात कुणी परीक्षेला बसलेलं नसतं. मार्क लागतात. खाजगीची फी भरायची ऐपत नसलेल्या पोराला तर ते जास्तच लागतात. ३०० मार्कांवर आमच्या माईला कुणी सरकारी जागा दिली नसती. पण रेघ दरसाल सरकते, आणि ती कुठं थांबणार ते कुणाच्या हातात नसतं. पोरानं तिथवर पोचायची धडपड करावी. घरच्यांनी त्याला वेळ द्यावा, जेवू घालावं, झोपू द्यावं, सुगीच्या दिवसांत निरोप धाडू नये. वरचे उरलेले मार्क मागून पोराचा जीव काढू नये.

सप्टेंबरात ती कॉलेजला निघाली तेव्हा आमच्या भागात पावसानं कहर केला होता. ८२ टक्के उगवलेलं सोयाबीन शेंगांसकट पाण्यात उभं होतं. मला रान सोडता येईना. माईसंगं धाकटाच गेला.

दोन दिवसांनी तो परत आला. चिखलातून थेट शेतात आला. मी चर काढून पाणी वाट लावत होतो. विचारलं, “झालं का सगळं?”

“झालं. कागदं तपासली. नीटचा निकाल बघितला, दहावीची सनद बघितली.”

“आन् बारावीचं मार्कमेमो?”

“त्यावर नजर टाकली, शिक्का मारला, फायलीला लावलं.”

“एवढंच?”

“एवढंच,” तो म्हणाला. थोडा वेळ पाण्याकडं बघत उभा राहिला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दुसरं खोरं उचललं आणि माझ्या पुढच्या बाजूनं चर ओढायला लागला.