भरवशाचं मशीन

कुकर घ्यायला गेलं तरी दुकानदार म्हणतो, "एकदम भरवशाचा आहे बघा." पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना तोच एक शब्द. छापखान्यासाठी डिजिटल प्रेस शोधायला लागलो, तेव्हा लाखांच्या यंत्रालाही तोच शब्द लावलेला ऐकला. कुकर बिघडला तर एक दिवस पातेल्यात भात लावता येतो. छापखान्यातलं मशीन बसलं तर दुसऱ्याच्या घरचं लग्न अडतं. म्हणून भरवसा म्हणजे नेमकं काय, हे आधी आपल्या वहीत मांडायचं आणि मग दुकानात जायचं, असं आम्ही ठरवलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. बेळगावात आमचा जुना छापखाना आहे. बिलबुकं, लग्नपत्रिका, चातुर्मासाची माहितीपत्रकं, पूजाविधानाच्या पुस्तिका, पंचकल्याणकाच्या पत्रिका, अर्ध्या मराठीत तर अर्ध्या कानडीत. एकरंगी ऑफसेट आमच्याकडे होतंच, रंगीत काम मात्र बाहेर द्यावं लागायचं. पूर्वी लोक हजार-दोन हजार प्रती मागायचे. आता पत्रिका मोबाइलवर जाते आणि छापील मागतात त्या दीडशे-दोनशे, पण रंगीत आणि उद्या संध्याकाळपर्यंत! वन्संनी माहेरच्या वाटणीचे पैसे पुढे केले, उरलेल्याला बँकेचं कर्ज. "वहिनी, मशीन थांबलं म्हणून हप्ता थांबत नाही हो," हे त्यांचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

पहिला हिशेब प्लेटचा. ए-फाइव्ह आकाराची 16 पानांची रंगीत पूजा-पुस्तिका घ्या. 13 बाय 19 इंचाच्या कागदावर एका बाजूला 4 पानं बसतात, दोन्ही बाजू मिळून 8. म्हणजे एका पुस्तिकेला 2 कागद, 4 बाजू. ऑफसेटवर प्रत्येक बाजूला चार रंगांच्या चार प्लेटा, एकूण 16. प्रती 150 काढा की 2000, प्लेटा तेवढ्याच लागतात. डिजिटलला प्लेट नाही, पण प्रत्येक छापलेल्या बाजूला 'क्लिक' मोजली जाते. 150 प्रतींना 600 क्लिक, 2000 प्रतींना 8000. थोड्या प्रतींना डिजिटल परवडतं आणि प्रती वाढल्या की ऑफसेट, ते एवढ्याच कारणानं. आपल्याकडे कोणतं काम जास्त येतं, हे मागच्या दोन वर्षांची बिलं काढून पाहिलं. बहुतेक रंगीत कामं तीनशे प्रतींच्या आतली निघाली. त्यामुळे डिजिटल घ्यायचं हे नक्की झालं.

क्लिकच्या करारात मात्र बारकावे फार. ए-थ्री कागदाची एक क्लिक धरतात की दोन? काळ्या मजकुरात एखादं लाल स्वस्तिक आलं तर ते पान रंगीतच्या दरात जातं. टोनर, ड्रम, बेल्ट, फ्युजर यांतलं काय काय दरात आलं आणि काय वेगळं विकत घ्यायचं? दर किती वर्षं तोच राहणार? एका विक्रेत्याचा दर सगळ्यांत कमी होता. वन्संनी विचारलं, "ड्रम यात धरलाय का?" तर तो मोबाइल बघायला लागला. ड्रम वेगळा घ्यायचा होता. तो हिशेबात घातल्यावर सगळ्यांत स्वस्त मशीन सगळ्यांत महाग ठरलं.

दुसरा प्रश्न केवढं मशीन घ्यायचं. कागदपत्रांत दोन आकडे असतात. एक, महिन्याला जास्तीत जास्त किती छापू शकेल तो, आणि दुसरा, रोजच्या वापराला कंपनी किती सुचवते तो. विक्रेते पहिला आकडा मोठ्यानं सांगतात. तो ताणून गाठायची मर्यादा आहे. घर चालतं ते दुसऱ्या आकड्यावर. आपल्या कामाच्या दीडपट-दुप्पट त्या दुसऱ्या आकड्यात बसलं की पुरे. पण समोर मोठं मशीन झगमगत उभं असतं, पाचवा रंग, सोनेरी टोनर, आपोआप पुस्तक बांधणारा जोड, आणि मन चळतं. बस्तीत परिग्रह-परिमाणावर प्रवचन ऐकताना आपल्याला दागिने आणि साड्या आठवतात. मला त्या वर्षी मशीन आठवलं. लागेल तेवढंच घेणं हा व्रताचा नियम आणि कर्जाचा नियम इथे अगदी एक झाला. सोनेरी काम महिन्यातून दोनदा येतं, त्याला फॉइल करणारा शेजारी आहे.

जुनं, परदेशातून आलेलं, दुरुस्त केलेलं मशीन घ्यावं का, हाही विचार झाला. तशी मशीनं आपल्याकडे पुष्कळ चालतात आणि नव्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात. मीटर किती फिरलंय, सुटे भाग अजून बनतात का, आणि गावात ते मशीन उघडून बसवणारा कोण आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं बरी आली तर त्यात वावगं काही नाही. आमच्यासमोर आलेल्या मशीनच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आणि खरा भरवसा त्या तिसऱ्या प्रश्नातच असतो. आमचे मशीनमन मामा शाळा फार शिकले नाहीत, पण त्यांनीच सांगितलं, "अक्का, मशीन कसं चालतंय ते काय इचारता? बंद पडल्यावर कोण येतोय ते इचारा की." मग आम्ही विक्रेत्यांनी दिलेली नावं बाजूला ठेवली आणि त्या कंपनीची मशीनं चालवणारे छापखाने आपले आपण शोधले. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी. मालकाला विचारलं, पण मशीन चालवणाऱ्या पोराला जास्त विचारलं. इंजिनिअर मुक्कामाला कुठे असतो? फोन केल्यावर त्याच दिवशी येतो की तिसऱ्या दिवशी? भाग त्याच्या बॅगेत असतो की मुंबईहून मागवतो? दोघी बायका छापखान्यात येऊन असं विचारतात याचं काहींना नवल वाटलं. पण चहा सगळीकडे मिळाला, आणि उत्तरंही खरी मिळाली.

मग चाचणी. शोरूममध्ये त्यांच्या फाइली त्यांच्या चकचकीत कागदावर सुंदरच येतात. आम्ही आपल्या फाइली आणि आपला कागद घेऊन गेलो. पंचवर्णी ध्वज मुद्दाम घेतला, कारण सपाट रंगात पट्टे उमटले तर तिथे लगेच दिसतात. 'सम्यग्दर्शन', 'श्रुतज्ञान' असे जोडाक्षरांचे शब्द आणि खाली कानडी मजकूर, कारण जुन्या फॉन्टची अक्षरं दुसऱ्या संगणकावर फुटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेला आहे ना, तेही बघून घेतलं. पाच कागद काढून थांबायचं नाही, सलग तीनशे काढायचे. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून रंग बघायचा. उजेडासमोर धरून पान आणि पाठ जुळते का ते बघायचं. 300 जीएसएमचं आर्ट कार्ड घडी घालून बघायचं. टोनर कागदात मुरत नाही, उष्णतेनं वितळून वर चिकटतो, त्यामुळे जाड कागदाची घडी आधी क्रीज न मारता घातली तर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. लॅमिनेशन करून दोन दिवसांनी नखानं उचकटून बघायचं.

आणि पाऊस! आमचा हंगाम आषाढातल्या चातुर्मास स्थापनेपासून भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वापर्यंत, म्हणजे बेळगावच्या ऐन पावसात. ओल धरलेला कागद वाकतो, मशीनमध्ये अडकतो, टोनर नीट बसत नाही. म्हणून आम्ही मशीनच्या किमतीतच एसी, स्टॅबिलायझर, यूपीएस आणि बंद कपाट धरलं. कागदाचा गठ्ठा कामापुरताच फोडायचा, उरलेला पुन्हा गुंडाळून ठेवायचा. पापड ठेवतो तसंच की!

आता एक गोष्ट, जी कुठल्याच विक्रेत्याच्या पत्रकात नसते. एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजात शास्त्रं छापायला मोठा विरोध होता. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्यांनी 'जैन बोधक' चालवून, ग्रंथ छापून ती वाट मोकळी केली. पुढे 1939 साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेल्या धवलेचा पहिला खंड निघाला आणि मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतकं बंद असलेली अक्षरं सामान्य श्रावकाच्या हाती आली. विरोध करणाऱ्यांना आपण आज हसतो, पण मला त्यांचं म्हणणं समजतं. त्या काळी छपाईचे रूळ सरस आणि काकवी शिजवून ओतायचे. सरस म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचा. त्याच रुळाखालून जिनवाणी काढायची, हे त्यांना सोसेना. डिजिटल मशीनचा टोनर प्लास्टिकच्या बारीक पुडीचा, त्यात सरस लागत नाही. आम्ही बांधणीच्या गोंदाचीही चौकशी केली आणि पुस्तिकांना पिना किंवा शिलाईच ठेवली.

दुसरं, रद्दी. ऑफसेटवर चार रंग जुळेपर्यंत बरेच कागद वाया जातात. त्यांवर भगवंतांची प्रतिमा, णमोकार मंत्र. ते कागद रद्दीत जाऊन कुणाच्या भज्याखाली येतील, हे सासूबाईंना आयुष्यभर खुपलं. त्या असे कागद निवडून गठ्ठा बांधून ठेवत. डिजिटलवर दुसऱ्या-तिसऱ्या कागदालाच काम सुरू होतं. पूजा-पुस्तिकेच्या शंभर-दीडशे प्रतींमागे हातावर मोजण्याइतके कागद वाया जातात. खर्चाच्या हिशेबात हा आकडा लहान आहे. आमच्या घरात तो लहान नव्हता.

राहता राहिले मामा. नवीन मशीन आलं की मशीनमन घरी, हे सगळीकडे बघत होतो. ते काही बोलले नाहीत, पण जुनं ऑफसेट रोज जास्तच पुसायला लागले. वन्संनी विक्रेत्याला अट घातली: शिकवणी दोन माणसांना द्यायची आणि मामांना ती मराठीत किंवा कानडीत समजेपर्यंत द्यायची. अट लिहून घेतली. बिलबुकांसाठी ऑफसेट राहिलंच. रंग बघायला मामांइतका डोळा दुसऱ्या कुणाचा नाही. संगणक सांगतो तो केशरी आणि पत्रिकेत शोभतो तो केशरी यातलं अंतर त्यांना चटकन दिसतं.

शेवटी घेतलं ते मधल्या किमतीचं, मधल्या वेगाचं मशीन. त्याचा इंजिनिअर बेळगावातच राहतो. पहिल्या दशलक्षणात एकदा कागद अडकला, एकदा ड्रम बदलावा लागला. दोन्ही वेळा तो संध्याकाळच्या आत आला. त्याच्यासाठी सूर्यास्ताआधी ताट वाढायचं, एवढी नवी सवय घराला लागली आहे. हप्ते अजून चार वर्षं आहेत. वन्सं दर महिन्याच्या 5 तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहितात, आणि क्लिकचं बिल आलं की शेजारी ठेवून बघतात.