ए नोहो!

ऑकलंडला बहिणीकडे पोहोचलो, तोच तिचा कुत्रा अंगावर झेपावला. मी दोन पावले मागे सरलो. एवढ्यात आठ वर्षांची भाची ओरडली, "ए नोहो!" कुत्रा मुकाट्याने खाली बसला.

"मामा, 'ए नोहो' म्हणजे बस. शाळेत बाई आम्हालाही असंच सांगतात."

ही माओरी भाषा. तिच्यात कुत्र्याला 'कुरी' म्हणतात. सुमारे ७०० वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज होड्यांतून न्यूझीलंडला आले, ते कुत्रे सोबत घेऊनच. ते भुंकत नसत, हेल काढून रडत. पुढे गोऱ्यांचे कुत्रे आले आणि ती मूळ जात नामशेष झाली. शब्द तेवढा उरला.

भाषेचीही तीच गत व्हायची होती. शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. पण लोक गप्प बसले नाहीत. १९७२ मध्ये ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला. १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेचे घरटे, ही बालवाडी निघाली. १९८७ मध्ये कायद्याने माओरी राजभाषा झाली.

शेजारच्या माओरी आजी म्हणाल्या, "माझ्या आईनं या शब्दांपायी छड्या खाल्ल्या. मला तिनं ते शिकवलेच नाहीत. तुमची पोर कुत्र्याला हाक मारते, तेव्हा मी कान देऊन ऐकते."

जाणाऱ्याने राहणाऱ्यांना 'ए नोहो रा' म्हणायचे, असे भाचीने शिकवले होते. निघताना दारात तसे म्हणालो. सगळ्यांनी हात हलवले. कुत्रा मात्र शहाण्यासारखा खाली बसला!