काकडं

हिंजवडीत राहावयास आलो त्याच वर्षी, जूनच्या आरंभी, आमची चांगलीच फजिती झाली. आयटी पार्कच्या वाटेवर एक वृद्ध कातकरी बाई शेवळांच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे हे जांभळट तपकिरी कोंब आम्हाला केवळ वाचून ठाऊक होते. मोठ्या हौसेने दोन जुड्या घेतल्या. "काकडं घ्या संगती," बाई म्हणाल्या. काकडी घरी आहे, असे सांगून आम्ही निघालो. त्या रात्री घशाला जी खाज सुटली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरली.

शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हे मागाहून कळले. काकड नावाच्या वृक्षाची लहान, हिरवी, आंबट फळे त्यांच्यासोबत शिजवली म्हणजे खाज मरते. कोंब आणि फळ दोन्ही एकाच सुमारास मिळतात, आणि विकणारीने म्हणूनच ती शेजारी शेजारी मांडली होती. मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या आम्हाला मात्र काकड म्हटले की आठवते ती काकडआरती!

भाषा मरते तेव्हा तिच्यातले ज्ञानही मरते, हे वाक्य आम्ही वर्गात कितीदा तरी उच्चारले असेल. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाने देशात 780 भाषांची नोंद केली, हा आकडाही विद्यार्थ्यांना सांगितला होता. पण येथे शब्द मेलेला नव्हता. तो आमच्या तोंडावर, स्पष्ट उच्चारला गेला होता. त्या बाई शेजारच्या मुलीशी ज्या बोलीत बोलत होत्या तिला आम्ही मनातल्या मनात 'अशुद्ध मराठी' ठरवून मोकळे झालो होतो, आणि बहुधा त्याच कानांनी 'काकडं'ही ऐकले.

कातकरी हे नावच मुळी काताचे. खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे ते कातकरी. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांतील तोडीवर निर्बंध आले, खैर हातचा गेला, कात गेला, नाव तेवढे उरले. पुढे कोळशाच्या आणि वीटभट्ट्यांच्या कामावर कुटुंबेच्या कुटुंबे जाऊ लागली. दिवाळीनंतर गेलेली माणसे पावसाच्या तोंडावर परततात. मुले भट्टीवर वाढतात तेव्हा त्यांना विटांचा हिशेब येतो; हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रानात काय पिकते, कोणता कंद कधी खणावा, हे कोण दाखवणार? आजी घरी असते, मुले भट्टीवर. तिच्या बोलीतले ते शब्द वापरण्याचा प्रसंगच मग त्यांच्यावर येत नाही. या माणसांना मराठी शुद्ध बोलता येत नाही याची खंत बाळगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा हिशेब कधी केला नाही. असो.

पुढच्या जूनमध्ये आम्ही त्या बाईंची वाटच पाहत होतो. त्या आल्या, जुड्याही होत्या. आम्ही अभिमानाने काकडं मागितली.

"झाड रस्त्यात गेलं," त्या म्हणाल्या. "चिंच घाला. खाज नाही सुटायची."

चिंच घातली. खाज सुटली नाही. चवीत काय उणे राहिले ते आम्हाला सांगता येणार नाही. काकडं घालून शिजवलेली शेवळे आम्ही कधी खाल्लीच नव्हती.