ट्यूबलाइट बंद कर आधी!

ताईच्या घरातली पहिली रात्र. बेडरूममध्ये शिरले आणि सवयीने दाराशेजारची भिंत चाचपली. बटण सापडलं, दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. वर पाहिलं तर दिवा असायला हवा तिथे छताला नुसता हूक. "काढून टाकलाय तो," ताई मागून म्हणाली. मग वाकून तिने पलंगाशेजारी जमिनीवर ठेवलेला एक बुटका दिवा लावला. मग खिडकीतला. मग खुर्चीमागचा. तीन कोपऱ्यांत पिवळसर उजेडाची तीन तळी साचली आणि मधला अंधार तसाच राहिला. "वाचायचं असेल तर खुर्चीत बस. झोपायचं असेल तर इकडे ये. आणि फोन बाहेर ठेव."

फोन बाहेर? मला दरदरून घाम फुटायचाच बाकी होता. कोपनहेगनमध्ये, डिसेंबरात, दोन डिग्रीमध्ये.

थोडं मागे जाऊ या. मी फ्रीलान्सर. म्हणजे माझी बेडरूम हेच माझं ऑफिस, कँटीन आणि कधीमधी गोडाऊनसुद्धा. पलंगावर लॅपटॉप, उशीखाली चार्जर, रात्री अडीचला 'लास्ट करेक्शन' आणि मग चारपर्यंत छताकडे बघत बसणं. २०२३ मध्ये हे इतकं वाढलं, की झोप लागणं हीच बातमी व्हायला लागली. उपाय म्हणून मी काय केलं? जे सगळे करतात तेच. शॉपिंग! माळेचे दिवे, राखाडी रंगाची लोकरी शाल, दालचिनीच्या वासाची मेणबत्ती. सगळ्या पाकिटांवर एकच शब्द, 'ह्यूगे'. (वाचताना मी 'हायगे' म्हणायचे. ताईने पहिल्याच दिवशी कान पकडला.)

हा डॅनिश शब्द जगभर फिरायला लागला तो २०१६ मध्ये. मेइक विकिंग या कोपनहेगनमधल्याच लेखकाचं ह्यूगेवरचं छोटंसं पुस्तक त्या वर्षी आलं. ऑक्सफर्डच्या 'वर्ड ऑफ द इयर'च्या अंतिम यादीतही हा शब्द पोचला. मग काय, उशा, मोजे, चहाच्या पुड्या, सगळंच ह्यूगे! अर्थ विचाराल तर निवांतपणा, जिव्हाळा, सुरक्षित वाटणं, सगळं थोडं थोडं. मला विचाराल तर आपला 'ऊब' हा शब्द त्याच्या सगळ्यात जवळ जातो. ऊब शेकोटीचीही असते आणि माणसाचीही.

ताई, म्हणजे माझी मामेबहीण, पुण्याहून आयटीची नोकरी घेऊन २०२१ मध्ये इथे आली. नॉरब्रो नावाच्या वस्तीत राहते. एअरपोर्टवरून मेट्रोने यायचं आणि मधे गाडी बदलून २०१९ मध्ये सुरू झालेली सिटी रिंग पकडायची. वस्ती एकदम भन्नाट. शवर्म्याची दुकानं, सायकलींचे ढीग आणि भर वस्तीत असिस्टन्स नावाची प्रचंड मोठी दफनभूमी. परीकथावाला हान्स ख्रिश्चन अँडरसन तिथेच विसावलाय आणि उन्हाळ्यात लोक चक्क तिथे चटया टाकून लोळतात. ताईची बिल्डिंग जुनी, विटांची. चौथा मजला, लिफ्ट नाही. पण बेडरूम मागच्या अंगणाच्या बाजूला, त्यामुळे रस्त्याचा आवाज शून्य.

खोली पाहून मी खरं तर जरा हिरमुसले. मासिकात शोभेल असं तिथे काहीच नव्हतं. फळ्यांची जमीन, पांढऱ्या भिंती, पलंग, सेकंडहँड दुकानातून आणलेली एक लाकडी खुर्ची, तिच्यावर मेंढीचं कातडं, तीन दिवे. कपाटसुद्धा बाहेरच्या पॅसेजमध्ये. पलंगाच्या पायथ्याशी आमच्या आजीने शिवलेली गोधडी. संपलं.

"आधी असं नव्हतं," ताई म्हणाली. इथे भाड्याचं घर बहुतेकदा दिव्यांशिवायच मिळतं. छताला हूक आणि वायर, दिवा ज्याने त्याने आपला आणायचा. ताईने पहिल्याच आठवड्यात मोठ्ठा पांढराशुभ्र एलईडी पॅनल लावला. घर कसं लख्ख दिसलं पाहिजे ना! मग पहिला हिवाळा आला. इथे डिसेंबरात सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. जेमतेम सात तासांचा दिवस, तोही बऱ्याचदा ढगांमागे. ताई अंधारात ऑफिसला जायची, अंधारात परत यायची आणि पॅनलखाली बसून रडायची. मग तिनेही माझ्यासारखीच शॉपिंग केली. चौदा उशा! "खोली शोरूमसारखी दिसायची," ती म्हणाली, "आणि मी त्यातली सेल्सगर्ल."

सुटका केली ती समोरच्या दारातल्या आजींनी. शिडी मागायला म्हणून त्या आल्या, बेडरूममधला पॅनल पाहिला आणि विचारलं, "इथे ऑपरेशन करतेस का?" मग त्यांनीच ती शिडी लावून घेतली आणि पॅनल उतरवला.

ह्यूगेची सुरुवात खरेदीने होत नाही, काढून टाकण्याने होते, हे माझ्या डोक्यात शिरलं ते इथे. त्यातही पहिला नंबर डोक्यावरच्या दिव्याचा. याबाबतीत डॅनिश माणूस भलताच हट्टी. मेणबत्तीला त्यांच्या भाषेत 'जिवंत उजेड' म्हणतात आणि ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा ती पेटवतात.

ब्रेडगेड या रस्त्यावर डिझाइन म्युझियम आहे. इमारत मुळात अठराव्या शतकातलं हॉस्पिटल. (तत्त्वज्ञ किर्कगार्ड १८५५ मध्ये इथेच वारला आणि पुरला गेला ताईच्या घराजवळच्या त्याच असिस्टन्समध्ये. शहर किती लहान आहे बघा!) आत खुर्च्यांचा तर उत्सवच आहे, पण मी रेंगाळले ती पॉल हेनिंगसेनपाशी. घासलेटच्या दिव्यांच्या मऊ उजेडात वाढलेला हा माणूस. उघडे विजेचे बल्ब आले तसा वैतागला आणि १९२० च्या दशकात त्याने तीन थाळ्या एकाखाली एक टांगाव्यात तसा दिवा बनवला. बल्ब कुठूनही थेट डोळ्यांत येत नाही, उजेड थाळ्यांवरून घरंगळत खाली उतरतो. १९५८ मधला त्याचा 'पीएच ५' तर आजही शेकडो घरांत जेवणाच्या टेबलावर खाली, अगदी खाली लोंबकळताना दिसतो. नावातला ५ म्हणजे वरच्या थाळीचा पन्नास सेंटिमीटर व्यास. किंमत विचारली आणि दुकानातून सभ्यपणे बाहेर पडले. पण त्याचं तत्त्व फुकट आहे. दिवा डोळ्यांच्या रेषेखाली ठेवायचा, बल्ब दिसू द्यायचा नाही आणि एका मोठ्या दिव्याऐवजी तीन छोटे लावायचे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. आपली पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास, ताईचे बल्ब २७००, मेणबत्ती २००० च्याही खाली. जितका आकडा कमी तितका उजेड पिवळा. रात्री डोक्याला 'दिवस संपला' हे पटवायचं तर लख्ख पांढरा उजेड नको, एवढं साधं गणित.

आता पलंग. एका डबलबेडवर दोन वेगवेगळ्या दुलया! इथली जोडपीसुद्धा अशीच झोपतात. मला आधी हे अतिच थंड वाटलं, पण पहिल्याच रात्री पटलं. लहानपणी सुट्टीत मी आणि ताई एका पांघरुणासाठी रोज मारामारी करायचो. आता आपापल्या दुलईचे सुरळीत रोल करून दोघी शेजारी शेजारी, शांत. खोळ सुती, पांढरी, बस्. आणि झोपायच्या आधी काय, तर खिडकी सताड उघडायची! दहा मिनिटं. बाहेर दोन डिग्री! "मेणबत्तीचा धूर जाऊ दे," ताई म्हणते. बरोबरच आहे, बंद खोलीत मेणबत्त्या हवा चांगलीच खराब करतात, हे ह्यूगेच्या पाकिटांवर कोणी छापत नाही. शिवाय गार हवा आणि उबदार दुलई हे कॉम्बिनेशनच वेगळं. नाक गार, पाय गरम. शहरातली जवळपास सगळी घरं सामाईक गरम पाण्याच्या पाइपांवर तापतात, त्यामुळे खोली पुन्हा ऊब धरायला वेळ लागत नाही.

पण एक खटकलं. चौथ्या रात्री फोन बाहेर, दिवे दोन विझलेले, एक मिणमिणता. आणि ताई एकदम बोलायला लागली. खोली इतकी छान जमली की गेल्या हिवाळ्यात तिने बाहेर पडणंच सोडलं होतं. शनिवार-रविवार दुलईत. ऑफिसातले लोक गोड, पण त्यांचे ह्यूगेचे गोतावळे शाळेपासूनचे, घट्ट विणलेले. त्यात तिला टाका सापडेना. "इथली ऊब आतल्यांसाठी असते गं," ती म्हणाली. मार्चमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं आणि परत यावं का, हे तिने घरी कोणालाच विचारलं नव्हतं. मामीला तर नाहीच.

मी काय बोलणार? गप्प पडून राहिले. सल्ला सुचला नाही हे बरंच झालं. पण एवढं कळलं, की हे ती मला व्हिडिओ कॉलवर कधीच बोलली नसती. लख्ख उजेडात तर नाहीच. त्या रात्री तिच्याआधी मला झोप लागली, सकाळी आठपर्यंत. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तिने समोरच्या आजींना चहाला बोलावलं. माझ्या निमित्ताने का होईना. मी पोहे केले. आजींनी दोनदा घेतले आणि त्यात लिंबू आणखी हवं असं सांगितलं. जाताना ताईला म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी माझ्याकडे. ताईने लगेच फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून टाकलं.

त्यांनी ताईला एक 'कॅलेंडर मेणबत्ती' दिली होती. १ ते २४ आकडे छापलेली, नाताळपर्यंत रोज एकेक आकडा जाळायचा. मी निघाले त्या रात्री ती १९ वर होती. ताईने आकडा पुरता जळू दिला, मग फुंकर मारली आणि खिडकी उघडली.

ठाण्याला आल्यावर यातलं काय जमेल? मेंढीचं कातडं नाही, दुलई तर मुळीच नाही. मे महिन्यात इथे ऊब नको, सुटका हवी. मेणबत्त्याही मी कामवाल्या मावशींना देऊन टाकल्या, लोडशेडिंगला कामी येतील म्हणून. पण लॅपटॉप हॉलमध्ये गेला. खुर्चीवरचा कपड्यांचा डोंगर उतरला आणि खाली खरंच खुर्ची निघाली! दोन टेबललॅम्प आणले, २७०० वाले, एक स्टुलावर आणि एक जमिनीवर. सुती चादर, पंखा तीनवर, खिडकीची एक फट उघडी, फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. पहिल्या रात्री तासभर तळमळले, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या रात्री पुस्तकाची चार पानं वाचून झाली तेवढ्यात डोळे जड झाले.

दारात आई उभी. अंधाराकडे बघत म्हणाली, "काय गं, लाइट गेले का?"